आवतणाची खुर्ची

आमच्या गावाच्या वेशीवर, म्हणजे आता जिथे सेक्टरचा रस्ता संपतो आणि गावठाण सुरू होतं तिथे, मागच्या महिन्यात एक मोठा बॅनर लागला. त्यावर गोमीवयनीचा फोटो आहे. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, तोंड उघडं, नजर थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. खाली लिहिलंय, ‘धवलारीण गोमीआय, गावाची शान, गावाचा मान.’ गावकीच्या नव्या हॉलला तिचं नाव दिलं. उद्घाटनाला आलेले पुढारी भाषणात म्हणाले, अशा थोर स्त्रियांच्या वाट्याला जे आलं ते पुन्हा कुणाच्या येऊ नये, म्हणून बहिष्काराविरुद्धचा कायदा आणखी कडक व्हायला हवा. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या अनंतशेठने वाजवल्या. अनंतशेठ आमच्या गावकीचा अध्यक्ष. तिला वाळीत टाकायचा निकाल त्याच्याच तोंडून सुटला होता.

मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मी टाळी वाजवली नाही, एवढाच माझा पराक्रम. उठून बोललो असतो तर म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून कुणीतरी हाताला धरून घरी नेऊन सोडलं असतं. म्हणून लिहितो. तो फोटो मी काढलेला आहे. कशासाठी काढला हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही सांगणार नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. पनवेलच्या आसपास अशा गावांना तोटा नाही. एका बाजूला कामोठ्याचे टॉवर, मधे आमची दाटीवाटीची घरं, आणि पलीकडे एके काळी मिठागरं होती ती जमीन. नव्या शहरासाठी सरकारने जमिनी घेतल्या; शेतं गेली, मिठागरं गेली, त्या बदल्यात प्लॉट आले, प्लॉटवर इमारती आल्या. पोरांकडे मोठ्या गाड्या आल्या. गावकी मात्र होती तशीच राहिली; फक्त देवळाच्या सभामंडपात सतरंजीऐवजी एसी आला.

गोमीवयनी माझ्या चुलत भावाची बायको. माझ्याहून वयाने मोठी. मी पनवेलला तहसील कचेरीत कारकून होतो, म्हणून ती मला भावजी न म्हणता ‘कारकून’ म्हणायची. त्यात थोडी माया असायची आणि बरीच टिंगल.

ती धवलारीण होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, दक्षिणा घेतो आणि जातो. पण मांडव घातल्यापासून हळद उतरेपर्यंत लग्न चालवते ती धवलारीण. ती धवले गाते. तिच्या गाण्यावाचून हळद लागत नाही, मांडवाला तोरण चढत नाही. निदान चढत नसे.

तिचा आवाज गोड नव्हता, हे आधी सांगून टाकतो, कारण उद्घाटनाच्या भाषणात तिला कोकिळा म्हणण्यात आलं. कोकिळा कसली! उमेदीची सगळी वर्षं ती मिठागरात राबली होती. खालच्या बांधावरून वरच्या बांधावरच्या माणसाला वाऱ्यातून हाक मारावी, तसा तो आवाज होता. उंच, खरखरीत, लांब जाणारा. मशेरीने काळे झालेले दात, गुडघ्यापर्यंत कसून नेसलेलं लुगडं, आणि पदराच्या टोकाला कायम एक गाठ. त्या गाठीत खडेमीठ असायचं. मांडवात आली की आधी मेढीच्या, म्हणजे मांडवाच्या मुख्य खांबाच्या, बुडाशी चिमूटभर मीठ ठेवायची. “या गावाना मिठानं पोसलंय,” म्हणायची. “त्याना इसरून मी बसाची नाय.”

मग ती मांडवभर नजर फिरवायची आणि विचारायची, “कोन नाय आयलं?”

प्रत्येक लग्नात तिचा पहिला प्रश्न हाच. भाऊबंदकीत कुणीतरी रुसून घरी बसलेला असायचाच. त्याला आणायला माणूस जायचा. तो येईपर्यंत ही गप्प. यजमान घायकुतीला यायचा, भटजी घड्याळाकडे बघायचा. एकदा भटजी म्हणाले, “आजी, मुहूर्त टळेल.” ही म्हणाली, “तुमचा मुहूर्त बुकान हाय. माजा धाकटा दीर घरान हाय. बुक थांबल, दीर थांबाचा नाय, तो पिऊन झोपल.”

धवल्यात ती आवतण द्यायची. आधी देवांना, मग कर्नाळ्याच्या सुळक्याला, खाडीला, भरतीला, आणि मग गावातल्या प्रत्येक घराला. वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत, एका ओळीत, एकही घर न वगळता. बोटांची पेरं मोजत जायची. एक पेर, एक घर. जी घरं पाडून तिथे इमारती झाल्या होत्या त्यांनाही जुन्याच नावाने बोलवायची. एका घराच्या जागी आता जिम आहे. तिथल्या आरशांसमोर वजनं उचलणाऱ्या कुणाला हे ठाऊक नव्हतं की दर लग्नाला आपल्याला ‘पांडूच्या वाड्यातली लेकरं’ म्हणून बोलावणं जातं. मी तिला विचारलं होतं, एखादं घर चुकून राहिलं तर? ती म्हणाली, “पेर चुकलं तं घर मरल, कारकून. माज्या तोंडानं घर मरलेलं मना चालाचं नाय.”

डीजेवर तिचा राग होता. “तो खोका दम घेत नाय,” म्हणायची. “जो दम घेत नाय त्याना जीव नाय. मेलेल्याचं आवतण देव कनाला घेल?” पोरं हसायची आणि तिला चिडवायला मुद्दाम आवाज वाढवायची. ही उठून सरळ वायर उपटायची. वायर उपटलेल्या हातानेच मग नवरीला हळद लावायची.

एका लग्नाची गोष्ट सांगतो. हुंड्याविरुद्धचा कायदा तेव्हाही जुनाच होता आणि हुंडाही होताच. नवऱ्याचा बाप मांडवात येऊन अडून बसला, ठरलेली मोटारसायकल दारात दिसत नाही म्हणून. नवरीचा बाप हात जोडून उभा. आम्ही शिकलेसवरलेले खाली मान घालून भजी खात होतो. गोमीवयनीने गाणं थांबवलं. “गाडी येवं दे,” म्हणाली. “तवपरत मी पानी पिते.” पाणी प्यायली. पुन्हा सुरू केलं ते मधूनच, आवतणाच्या ओळीत. खाडीला या म्हटलं, भरतीला या म्हटलं, आणि मग त्याच चालीत, त्या बापाचं नाव घेऊन, ‘पेट्रोल भरून या’ म्हटलं. आधी बायका हसल्या, मग पुरुष, मग खुद्द नवरदेव. बापाचं तोंड लालबुंद. त्या लग्नात मोटारसायकलचं नाव पुन्हा निघालं नाही.

ही गोष्ट सांगताना मला पूर्वी मजा वाटायची. आता वाटत नाही. कारण त्या दिवशी तिने जे हत्यार काढलं तेच पुढे तिच्यावर उगारलं गेलं. चार माणसांसमोर एखाद्याला एकटं पाडायचं हत्यार. तिने ते एका लबाडावर चालवलं, गावाने तिच्यावर. कायद्याच्या कुठल्याही कपाटात हे हत्यार ठेवलेलं नाही, त्यामुळे ते जप्तही करता येत नाही.

आता वनिताची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वनिता आमच्याच गावची लेक. नवरा लवकर गेला. तिच्या वडिलांच्या गेलेल्या जमिनीपोटी भावांना प्लॉट मिळायचा होता. मुलीला वडिलांच्या जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे असा कायदा आहे. आमच्याकडे त्यावर साधा उपाय आहे. बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडी नेसवतो, माहेर शाबूत राहतं. असे कागद मी कचेरीत किती हाताळले असतील, सांगता यायचं नाही. सही करताना प्रत्येक बाई हसत असायची आणि कागद पुढे सरकवून झाला की पदराने तोंड पुसायची.

वनिताने सही केली नाही. कोर्टात गेली. कोर्टाने तिला तिचा वाटा दिला. तिने खालच्या आळीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर बांधलं आणि मुलाला घेऊन राहायला आली. कायद्याने घर दिलं, गाव काढून घेतलं. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिच्याकडे जायचं नाही, तिला बोलवायचं नाही, असं गावकीत ठरलं. कारण उघड होतं. आज ती, उद्या आपली बहीण.

त्याच सुमाराला अनंतशेठच्या पुतण्याचं लग्न निघालं. अनंतशेठ आदल्या दिवशी स्वतः गोमीवयनीकडे गेला, मी बरोबर होतो. म्हणाला, “गोमीआय, आवतणान वनीचं घर घ्यायचं नाय. गावकीचं ठरलंय.” ती सुपात तांदूळ पाखडत होती. वर न बघता म्हणाली, “बरं.” आम्हाला वाटलं, झालं काम. तिचं ‘बरं’ म्हणजे ‘ऐकलं’ एवढंच असायचं, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

हळदीला सगळा गाव. ती गाऊ लागली. देव झाले, डोंगर झाला, खाडी झाली. वरची आळी, मधली आळी. खालच्या आळीच्या शेवटच्या घराशी तिचं पेर पोचलं आणि ती थांबली. मग गायली, ‘वनिताच्या घरानं यावं.’ आमच्या धवल्यात घरं पुरुषांच्या नावाने यायची. बाईच्या नावाचं घर त्या मांडवाने पहिल्यांदा ऐकलं.

अनंतशेठ उठला. “गोमीआय, मागं घे.”

“काय मागं घेव?”

“तं नाव मागं घे.”

“बोलावलेलं मागं घेतलं तं सगलंच मागं जाल, अनंता. देव बी जाल, तुज्या पुतन्याचं लगीन बी जाल. चालल?”

अनंतशेठला ते चाललं नाही. लग्न झालं. पण त्यानंतरच्या बैठकीत गोमीवयनीला दंड ठरला; तिने तो भरायला नकार दिला, तसा अनंतशेठने तिला वाळीत टाकायचा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी तिच्या घराकडे जाणारी पाण्याची लाइन कुणीतरी तोडली. किराणावाल्याने सामान द्यायचं बंद केलं. ज्या बायका तिच्यामागे ओळी धरायच्या त्या तिला बघून दार लावून घेऊ लागल्या.

बहिष्काराविरुद्धचा कायदा तेव्हा नवा होता. वनिता तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिथे एक तरुण बाई अधिकारी होती. मनापासून काम करणारी. तिने तक्रार लिहून घेतली, गावात आली, अनंतशेठला खुर्चीवरून उठवून उभं केलं. पाणी दुसऱ्या दिवशी सुरू झालं, किराणा सुरू झाला. पंच घाबरले. कायदा काही करत नाही असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. तो नसता तर तिचं घर राहिलं नसतं.

पण पाणी सुरू झालं त्याच रात्री सभामंडपात मला बोलावणं आलं.

अनंतशेठ म्हणाला, “काका, तुमी कचेरीन जलम घालवला. कायदा वाचून सांगा. आमाना आत जावा लागल का?”

मी वाचून दाखवला. आवाज चांगला लागला होता माझा. वाट अडवू नये, पाणी तोडू नये, देवळात मज्जाव करू नये, समारंभापासून दूर ठेवू नये, तसा ठराव करू नये, दंड घेऊ नये. वाचून झाल्यावर मी चष्मा काढला आणि म्हणालो, “मग यातलं काही करूच नका.”

“म्हंजे? तिला परत घ्यायची?”

“तिला प्रत्येक लग्नाचं आवतण द्या. पत्रिका हातात द्या. पुढच्या रांगेत खुर्ची द्या. शाल-नारळ द्या. फोटो काढून ठेवा. पोलिसांनी विचारलं तर फोटो दाखवा.”

“आन गाना?”

“आपल्या घरच्या लग्नात कुणाला गायला सांगायचं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. डीजे लावला म्हणून कुणाला अटक होत नाही.”

“तिच्याशी बोलाचं?”

“कुणी कुणाशी बोलावं हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? तुम्ही ठराव करू नका. ‘बोलू नका’ असं कुणाला सांगूही नका. सगळ्यांना कळतं.”

अनंतशेठ खूश झाला. “काका, तुमी वकील व्हायाला पायजे व्हता.” ते ऐकून मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो. माझ्या थोरल्या मुलाचं हार्डवेअरचं दुकान अनंतशेठच्या बांधकामांवर चालतं, हे खरं. गावातली पोरं तुरुंगात जाऊ नयेत असं वाटत होतं, तेही खरं. पण त्या क्षणी मला बरं वाटलं ते माझी हुशारी चारचौघांत दिसली म्हणून.

ठाण्यात पंचांनी लिहून दिलं की गोमीबाईंना सर्व समारंभांना सन्मानाने बोलावलं जाईल. त्या अधिकारी बाईला वाटलं, मिटलं. गोमीवयनीलाही तसंच वाटलं.

त्यानंतरचं पहिलं लग्न. ती नवं लुगडं नेसून आली. पदराला मिठाची गाठ. मेढीशी मीठ ठेवलं. दोन पोरांनी तिला अदबीने पुढच्या रांगेत नेलं. लाल मखमलीची खुर्ची, पाठीला पांढरी रिबन. अनंतशेठने शाल घातली, नारळ दिला, मी मोबाइलवर फोटो काढला. ती बसली आणि हसून नेहमीसारखं विचारलं, “कोन नाय आयलं?”

कुणी उत्तर दिलं नाही. तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. माणसं मागे भिंतीला टेकून उभी होती, पण तिच्या रांगेत कुणी बसलं नाही. समोर डीजे सुरू झाला. तिने एकदा वायरकडे पाहिलं. मग हातातल्या नारळाकडे. मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे. तिला कळलं. किती पटकन कळलं, ते मी फोटोच्या चौकटीतूनच पाहिलं.

मी तो फोटो अधिकारी बाईला पाठवला. तिकडून अंगठा आला.

मला वाटलं होतं, पुन्हा ती यायची नाही. ती प्रत्येक लग्नाला आली. पत्रिका आली की लुगडं नेसून, मीठ बांधून हजर. शाल घ्यायची, खुर्चीवर ताठ बसायची, डीजे संपेपर्यंत बसायची, उठून जायची. तिच्या घरी शालींची थप्पी झाली असेल. वनिता तिला म्हणाली होती, कशाला जातेस अपमान करून घ्यायला? त्यावर ती म्हणाली, “आवतण पालाचं अस्तं. त्यानी कसं दिलं तं त्यांचं. मी कसं घेतलं तं माजं.” मी मात्र प्रत्येक वेळी फोटो काढत राहिलो. ती अधिकारी बदलून गेली, नव्या साहेबाने फोटो मागितलेही नाहीत, तरी मी काढत राहिलो. सवय झाली होती. गावाचीही झाली. नव्या सुनांना वाटायचं, आमच्याकडे लग्नात एका म्हातारीला खुर्चीवर बसवायची पद्धत आहे.

घरी ती गायची म्हणे. सकाळी भिंतीकडे तोंड करून, भाकऱ्या थापता थापता. वनिताने तिच्या मागे ओळी धरायला घेतल्या होत्या, पण तिचा सूर लागायचा नाही. “ही बाय कोर्टान जितली, सुरान हरली,” असं म्हणून गोमीवयनी हसायची. धवले कुणाच्या तरी गळ्यात ठेवून जायचे ही तिची एकच काळजी होती, आणि ते मांडवाशिवाय शिकवता येत नाहीत असं ती म्हणायची.

माझ्या नातीचं, सायलीचं लग्न ठरलं. इंजिनियर पोरगी, पुण्याला नोकरी. मला म्हणाली, “आजोबा, मला डीजे नको. गोमीआजीचे धवले पाहिजेत. मी शिकणारपण आहे तिच्याकडून.” मी म्हणालो, “बघू.” पोरीने माझ्या ‘बघू’ची वाट पाहिली नाही. ती परस्पर गोमीवयनीला भेटून आली.

दुसऱ्या दिवशी गोमीवयनी आमच्या ओटीवर आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्ची पुढे केली. “खुर्ची नको,” म्हणाली. “खुर्चीचा मना कंटाला आयलाय.” ओटीच्या कडेला टेकली.

“कारकून, तुजी नात आयली व्हती.”

“हो. कळलं.”

“मंग? गाव?”

मी इकडचं तिकडचं बोललो. गावकीचं वातावरण, मुलाचं दुकान, सोयरे मंडळी. मग, कशाला सुचलं कोण जाणे, म्हणालो, “हल्ली बोलणं चाललंय, कायदा आणखी कडक करणार आहेत.”

“कायद्यानं माजा नल चालू केला,” म्हणाली. “नलान पानी आयलं. चांगला झाला. पन पाटाभर पानी झाला तरी मागाला कोन येत नाय. आनखी कडक केला तं काय व्हल? आमाना दोन खुर्च्या देल?”

मी हसलो नाही.

“कायदा नको मना, कारकून. येक मानूस पायजे. मांडवान उभा र्‍हाऊन बोल्ला पायजे, गोमी, गा. येकच. तुज्या घरचं लगीन, तुजा मांडव, तू बोल. बाकी मी बगते.”

“बोलतो,” मी म्हणालो.

“बोल्लास हां,” ती म्हणाली आणि उठली. तिने हात जोडले नाहीत, आभार मानले नाहीत. फक्त ओटी उतरताना तिची बोटं हलताना दिसली. ती पेरं मोजत होती. तालीम सुरू झाली होती.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. अनंतशेठ आला, पुढच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसला. डीजे नको म्हटलेला होता, पण माझ्या मुलाने आणून ठेवलाच. “बाबा, आज नको तमाशा,” एवढंच तो मला म्हणाला. सायली हळदीच्या पाटावर बसून सारखी माझ्याकडे बघत होती. गोमीवयनी आली. मेढीशी मीठ ठेवलं. लाल खुर्ची मांडलेलीच होती. या वेळी ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. “कोन नाय आयलं?” तिने विचारलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

दोन शब्द होते. गोमी, गा. कुठलाही कायदा मला ते बोलायला भाग पाडत नव्हता आणि कुठलाही कायदा मला अडवत नव्हता. अनंतशेठने डोळे वर केले. एवढंच त्याने केलं. त्याने मला धमकी दिली नाही, सांगितलं नाही, ठराव केला नाही. मीच शिकवलेलं होतं ना.

मी म्हणालो, “वयनी, बसा ना.”

कुणीतरी शाल आणली. नारळ आणला. ती बसली. डीजे सुरू झाला. नंतर सायली माझ्याशी किती तरी दिवस बोलली नाही. अजूनही बोलते ती कामापुरतं.

त्यानंतर पावसाळा संपता संपता गोमीवयनी गेली. मयताला सगळा गाव लोटला. मेलेल्या माणसाशी बोलावं लागत नाही. अनंतशेठने खांदा दिला. वनिता एकटीच तिच्या मागे एक धवल्याची ओळ म्हणत चालली होती, बेसूर, आणि त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही. कायदा आता माहीत झाला आहे गावाला.

पुढारी म्हणतात कायदा कडक करा. करा. शिक्षा वाढवा, कलमं वाढवा. वाट अडवणाऱ्याला आत टाका. मला त्याच्याशी भांडण नाही. पण नवं कलम आलं की प्रत्येक गावात माझ्यासारखा एक म्हातारा चष्मा पुसून ते वाचायला बसेल, आणि त्यातून जायची वाट चारचौघांना समजावून सांगेल. त्याला आत टाकायचं कलम अजून कुणी लिहिलेलं नाही. बॅनर उतरवा, तो फोटो पुराव्यासाठी काढला होता, असं मी अनंतशेठला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “काका, कसला पुरावा? फोटो बगा तरी, कशी गातेय म्हातारी! असा फोटो पैसे देऊन मिलत नाय.”

ती गातेय, हे खरं आहे. सायलीच्या हळदीचाच तो फोटो. डीजे इतका मोठा होता की छातीत धडका बसत होत्या. मी सवयीने मोबाइल काढला आणि चौकटीत ती आली. शाल खांद्यावर, नारळ मांडीवर, आणि नारळावर ठेवलेल्या हाताची बोटं हलत होती. तोंडही हलत होतं. ती कुणालाही ऐकू न येणारं आवतण देत होती. ओठांवरून काही कळत नव्हतं, पण तिची पेरं मला पाठ होती. देव झाले, डोंगर झाला. वरची आळी संपली. मधली आळी. आमचं घर मधल्या आळीच्या शेवटी. अंगठा एकेका पेरावरून सरकत आमच्या घराशी आला. तिने मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. मी तिची नजर चुकवण्यासाठी खाली स्क्रीनकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

मान वर केली तेव्हा तिचा अंगठा पुढे गेला होता, खालच्या आळीत, वनिताच्या घराकडे. ते संपवून ती उठली, शालीची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली, शालीवर नारळ ठेवला आणि मांडवाबाहेर गेली.

वेशीवरून जाताना मी रोज त्या बॅनरसमोर थांबतो. उघड्या तोंडाकडे बघतो. आमच्या घराचं नाव तिने घेतलं होतं, की ते एकच पेर न बोलता ओलांडलं, हे त्या फोटोत दिसत नाही.